लोरेनचा मक्याचा पाव

क्लिफर्ड एंटविसल एखाद्याशी गोड बोलू लागला की खुशाल समजावं, त्या माणसाशी त्याला काही देणंघेणं नाही. इंग्लंडातल्या बर्नली गावच्या बस डेपोत इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. तिथे साहेबाला "फार छान, साहेब" आणि जिवाभावाच्या दोस्ताला "ए माकडा", अशी सरळ वाटणी होती. घरीही तोच खाक्या. बायकोचं, एनिडचं, त्यानं तोंडावर कधी कौतुक केलं नाही, आणि तिनंही त्याला प्रत्येक टोमणा सव्याज परत केला. शेवटच्या दुखण्यात ती इस्पितळात होती तेव्हा हा तिच्या उशाशी बसून म्हणाला, "काय अवतार झालाय गं तुझा!"

"आणि तू आरशात बघून आलायस का?" ती म्हणाली. दोघं खोकला येईपर्यंत हसली.

एनिड गेली आणि घरात चिडवायला माणूस उरलं नाही. विचारपूस करणारे पुष्कळ होते. "कसं काय, क्लिफर्ड?" "चाललंय, तक्रार नाही." त्या गल्लीत माणूस गळ्यापर्यंत बुडाला तरी हेच उत्तर देतो. पुढचं ऐकणाऱ्यानं ओळखायचं असतं. एनिड ओळखायची.

मग शेजारच्या घरात लोरेन राहायला आली. अमेरिकेतली, ओहायोची, नवऱ्यामागे एकटी, म्हणून इथे लेकीच्या गावी आलेली. तिनंही विचारलं, "कसे आहात?" यानं सांगितलं, "चाललंय." "अरे वा, ऐकून बरं वाटलं!" म्हणत ती खरोखरच खूश होऊन निघून गेली. क्लिफर्ड दारात बघतच राहिला.

पण बाई मनानं मोकळी. दर गुरुवारी ती मक्याचा पाव घेऊन यायची, चहाला बसायची, ओहायोतल्या बर्फाच्या गोष्टी सांगायची. "फार छान झालाय," क्लिफर्ड म्हणायचा. हळूहळू मात्र तो बुधवारपासूनच गुरुवारची वाट बघू लागला. आणि एका गुरुवारी, पहिला घास तोंडात असतानाच, किती तरी दिवस अडकलेलं काही तरी सुटलं.

"अहो बाई, हा पाव आहे की वीट? आमच्या डेपोत असती तर बसच्या चाकाखाली लावली असती!"

त्याला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. आता ती काय फेकून मारते, म्हणून तो कान टवकारून बसला. लोरेननं कप खाली ठेवला, "असं होय," म्हणाली आणि उठून गेली.

पुढच्या गुरुवारी यानं दोन कप मांडले. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही गुरुवारी नाही. शेवटी ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना दिसली तेव्हा तो भिंतीशी गेला.

"रागावलात की काय?"

"हो, मला वाईट वाटलं," लोरेन म्हणाली. "मी मुद्दाम तुमच्यासाठी करते, क्लिफर्ड. आणि तुम्ही त्याला वीट म्हणता!"

वाईट वाटलं, असं कोणी तोंडावर सांगताना त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तो गडबडलाच. सांगायचं साधंच होतं: असं मी फक्त माझ्या माणसांना बोलतो, आणि एनिडनंतर तुम्हीच पहिल्या. पण असलं काही त्यानं एनिडलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, तिला ते सांगावं लागलंच नव्हतं.

"माफ करा," तो म्हणाला. "पाव फार छान होता."

"खरंच?" लोरेनचा चेहरा खुलला. "अहो, मग तेव्हाच सांगायचं ना तसं!"

गुरुवार पुन्हा सुरू झाले. पाव येतो, पूर्वीपेक्षा मोठा. "फार छान," क्लिफर्ड म्हणतो, अगदी डेपोतल्या साहेबाला म्हणायचा तसं. लोरेननं लेकीला फोनवर सांगितलं, शेजारचे आजोबा आता चांगले मोकळे झालेत हं.

ती गेली की तो दार लावतो आणि उरलेला तुकडा घेऊन एनिडच्या खुर्चीसमोर बसतो.

"शुद्ध वीट आहे गं," तो म्हणतो.

सवयीनं थोडा थांबतो. मग पाव खाऊ लागतो, कणसुद्धा न टाकता.