मास्तरबाईंचा उजवा हात

शिवणकामाच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे मास्तरबाई म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच संपला होता. त्या होत्या कटिंग मास्तर. डॉक्टरांचे, नर्सचे कोट तिथे शिवले जात आणि कापडाच्या सहा-सहा थरांवर कात्री चालवायची ती मास्तरबाईंनीच, गेली सव्वीस वर्षं.

अपघात झाला रविवारी सकाळी. गाडी धाकटी बहीण चालवत होती. चाळिशीत तिने लायसन्स काढलं ते मास्तरबाईच हात धुऊन मागे लागल्या म्हणून. कुत्रं आडवं आलं, तिने करकचून ब्रेक दाबला आणि मागचा टेम्पो येऊन आदळला. डिकी चेपली. माणसांना ओरखडाही नाही.

बहीण मात्र ताईचे हातपाय चाचपत होती. "ताई, तुला लागलं नाही ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"तुला काही झालं असतं तर मी परत स्टिअरिंगला हात लावला नसता."

हे वाक्य मास्तरबाईंच्या डोक्यात बसलं.

तिसऱ्या दिवशी मान आखडली. उशीमुळे असेल, असं म्हणून त्यांनी उशी बदलली. पाचव्या दिवशी उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या. टाचण्या हातातून निसटायच्या. बसलं की खांद्यातून कळ निघायची, म्हणून बसणंच सोडलं. जेवण उभ्याने, चहा उभ्याने. घरात या खोलीतून त्या खोलीत, कारखान्यात टेबलाभोवती नुसत्या येरझाऱ्या. बहिणीचा रोज फोन यायचा. त्या म्हणायच्या, "ठणठणीत." आणि फोन ठेवून मानेला मलम चोळायच्या.

नवव्या दिवशी पांढऱ्या कोटांचं कापड पसरलं होतं. कापता कापता कात्री निसटली, ती त्यांनी पात्याकडून सावरून धरली, तोच कापडावर एक लाल ठिपका दिसला. मग दुसरा. कुणाला लागलं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर काजं-बटणं करणारी बाई होती. ती हळूच म्हणाली, "मास्तरबाई, तुमचंच बोट."

बोट चांगलंच कापलं होतं. त्यांना पत्ताच नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी टाके घातले. मग गुडघ्या-कोपरांवर हातोडी मारून पाहिली, डोळे मिटायला सांगून बोटांना सुई टोचली. "अलीकडे कुठे पडलात, आपटलात?"

"नाही."

"नक्की?"

"गाडीला धक्का बसला होता. पण तेव्हा काही झालं नव्हतं."

"कित्येकदा तेव्हा काहीच कळत नाही. मानेला हिसका बसतो, सूज हळूहळू चढते, मग नस दबते. तिसऱ्या दिवशीच यायला हवं होतं तुम्ही."

बहीण धावतपळत आली तेव्हा मास्तरबाई गळ्यात पट्टा घालून व्हरांड्यात फेऱ्या मारत होत्या.

"नऊ दिवस, ताई. रोज ठणठणीत म्हणत होतीस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग आता काय छान वाटतंय?" बहिणीचा आवाज चढला नाही. "गाडी मी चालवत होते, हे तू लपवल्याने बदलणार आहे का? मला कळलं असतं तर मी तुला त्याच दिवशी इथे आणलं असतं. तेवढं तरी करू द्यायचं होतंस."

मास्तरबाई पुन्हा चालायला लागल्या, तशी बहिणीने त्यांचा डावा हात धरला आणि बाकावर बसवलं.

सहा आठवडे पट्टा, आठवड्यातून तीनदा दवाखान्यात व्यायाम. न्यायला-आणायला बहीणच, आणि तीही गाडीने. पहिल्या दिवशी ती गाडी अगदी हळू चालवत होती. मास्तरबाईंना मान वळवता येत नव्हती, तरी त्यांची सूचना चालूच, "मागे बघ. आरसा बघ."

"तू गप बस, नाहीतर उतर."

त्या गप्प बसल्या.

तीन महिन्यांनी अंगठ्यात जोर आला. बोटाचं टोक मात्र बधिरच राहिलं. वर्षभर वाट पाहा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. जाड थर आता काजं-बटणं करणारी बाई कापते. मास्तरबाई खडूने रेघा आखून देतात आणि ती कापत असताना टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहतात. कात्री रेघेच्या जरा बाहेर गेली की त्यांचा हात पुढे होतो. पण कात्री हिसकावून घेत नाहीत. अजून तरी.