बहरीनचा बेडूक आणि माझं घड्याळ

शनिवारी सकाळी सहालाच मी गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होते आणि इरा अजून मोजे शोधत होती. माझ्या अकरा वर्षांच्या या लेकीला रविवारी, म्हणजे इथल्या शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर शाळा उघडताच, वर्गात एक अधिकृत उभयचर सादर करायचा होता. अमेरिकेतल्या काही राज्यांनी असा मानाचा प्राणी निवडलाय. टेक्ससचा भेक, ओहायोचा ठिपकेवाला, पालीसारखा दिसणारा सॅलमँडर. बाईंची अट एकच होती, आपल्या जागेचा प्राणी निवडा आणि स्वतः पाहून या. मी सह्याद्रीतला बेडूक सुचवला, इराने कागदावर आम्ही राहतो ते बहरीन लिहिलं. वाळवंटात कसला बेडूक, म्हणून वर्ग हसला. तेव्हापासून ती हट्टालाच पेटली होती.

तीन आठवडे हातात होते, ते मी वाया घालवले. पाऊस पडू दे, बेडूक आपोआप ओरडतील, असं रोज सांगत राहिले. पुण्यात वाढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? शुक्रवारी मार्चचा चुकार पाऊस आला, तेव्हा उम्म अल हस्सममधल्या आमच्या गल्लीतली सगळी डबकी आम्ही धुंडाळली. एक चप्पल सापडली.

वाटेत गुदैबिया भागात इडली आणि चहा उभ्यानेच उरकला, दोघींचा मिळून साधारण दीनारभर. इराला बसून खायचं होतं, मला बसवेना. तिथून बुदैय्याकडे निघालो. सुट्टीच्या सकाळी रस्ता मोकळा असतो, अर्धा तास पुरतो. खजुरीच्या बागा आणि नर्सऱ्या लागतात. जाणार असाल तर जुने बूट घाला आणि विचारल्याशिवाय आत शिरू नका.

पहिल्या बागेत माळ्याने इराच्या वहीतलं बेडकाचं चित्र पाहून "मफी, मफी", म्हणजे नाही, नाही, म्हणत हात हलवला. दुसरीत भिंतीवर काहीतरी सरपटलं. "इरा, सॅलमँडर!"

"दॅट्स अ लिझर्ड, आई. स्केल्स आहेत बघ. सॅलमँडरची स्किन ओली असते. आणि ते इथे नसतातच."

नऊ वाजले होते. मला उन्हाची आणि उद्याची, दोन्हींची धास्ती वाटायला लागली.

तिसऱ्या नर्सरीत आमचं मराठी ऐकून मालक पुढे आले. इस्माईलभाई, मूळचे कोकणातल्या म्हसळ्याचे.

"काय शोधताय ताई?"

"बेडूक. काल पाऊस झाला ना, म्हटलं निघाले असतील."

"पावसाचा काय संबंध? ते आपल्याकडं. हितला बेडूक पंपाच्या मोटारीच्या पाण्यावर जगतो. रोज हितंच असतो."

त्यांनी आम्हाला घासाच्या वाफ्याकडे जाणाऱ्या पाटाशी बसवलं. मी दोनदा उठले.

"पोरगी गप बसलीय. तुम्ही उठलात की तो बुडी मारतो."

इराने माझं मनगट धरलं आणि घड्याळावर तळहात ठेवला. दहाएक मिनिटांनी शेवाळातून हिरवं नाक वर आलं. तोंडाच्या दोन्ही बाजूंना राखाडी फुगे फुगले आणि तो खडखडून ओरडला. इरा वहीत लिहीत सुटली.

घरी येऊन तिने तक्ता रंगवला. खाली पाहणाऱ्यांची नावं होती. इरा, आणि कंसात "दहा मिनिटं बसली" अशी नोंद करून आई.

"आई, धिस इयर आपण पुण्याला शिफ्ट नाही ना होणार?"

पुढच्या वर्षी नक्की परत जायचं, असं मी आठ वर्षं म्हणत आलेय. त्यापायी आमच्या खिडक्यांना अजून जुन्या चादरी लावलेल्या आहेत. इराचं जवळजवळ सगळं बालपण मी असंच कशाची तरी वाट बघण्यात घालवलं, याची मला लाज वाटली.

"नाही," मी म्हटलं, आणि पडद्यांची मापं घ्यायला टेप शोधली. दुसरं टोक इराने धरलं.