बुटक्या दाराचे काका

साऱ्या न्यूझीलंडमध्ये प्रत्येक दारापुढे मान वाकवणारा एकच इंजिनिअर होता, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा होता. ऑकलंडमधल्या त्यांच्या ऑफिसचं काचेचं दार दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं उंच, पण काका तिथंही वाकूनच शिरत. ही खोड त्यांना शहराबाहेर, मनुरेवाच्या पुढे, एका गोऱ्या शेतकऱ्याच्या कुरणातल्या कॉटेजने लावली होती. इंग्लंडहून आलेल्या कुणा शेतमजुराने ती आपल्या गावच्या रीतीने बांधलेली: हातभर जाड मातीच्या भिंती, खोल खिडक्या, खोलीएवढी चूल आणि काकांच्या कपाळाला भिडणारं दार. दर रविवारी काका जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून तिथं जात आणि भिंतीला तळवा लावून उभे राहत. हॉस्पिटलात नर्स असलेली मावशी म्हणे, “एवढा ताप तर मी पेशंटांचाही बघत नाही!”

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला. एकदा भडकलोच. “काका, ज्यांनी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या वाकवलं, त्यांच्या दारात अजून वाकता?”

“गाढवा, साहेब बंगल्यात राहायचा. हे मजुराचं घर. माती, गवत, शेण. तुझ्या पत्रकातला कष्टकरी कसल्या घरात राहतो, कधी पाहिलंयस?”

पुढच्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो.

शेतकरी कॉटेज पाडणार होता, कारण भिंती ओलावल्या होत्या. कुणीतरी चढवलेल्या सिमेंटमुळे माती आत कुजते आहे, असं काकांचं निदान. सिमेंट काढून सारवतो, नाताळापर्यंत भिंती वाळल्या तर पाडू नका, अशी त्यांनी गळ घातली. शेतकऱ्याने लगेच होकार दिला, “स्वीट अ‍ॅज!”

गाई समोरच होत्या, शेणाला तोटा नव्हता. “सारवण दिवाळीच्या आधीच,” काकांनी बजावलं. “ऑक्टोबरचं ऊन म्हणजे खडखडीत!” आम्ही कोपरापर्यंत हात माखून भिंती सारवल्या. इथला ऑक्टोबर म्हणजे चिंब वसंत, हे इतकी वर्षं इथं राहूनही आम्हा कुणाला आठवलं नाही. ऐन लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात पाऊस लागला, तो थांबेचना. उघडी माती पाणी पीत राहिली आणि दाराची भिंत खाली बसली.

शेतकरी रागावला नाही. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उरलेलं घर ट्रॅक्टरने सपाट केलं.

माउंट रॉस्किलच्या आपल्या घरी काका हल्ली सगळ्या दारांतून ताठ मानेने जातात. मला हवे होते तसेच. ते येताना दिसले की मी दुसरीकडे बघतो.