राजा-सत्तीवर खेळणारा

पत्त्यांत आपल्याला हरवणाऱ्या माणसाचा तुम्हाला कधी हेवा वाटलाय का? मला जुना जालन्यातल्या एका कापड दुकानदाराचा वाटतो. रविवारी त्याच्या दुकानात आम्ही चिंचोक्यांवर पोकर खेळतो. सगळे जमले की तो बडीशेप चघळत डावामागून डाव सोडून देतो. तिघंच असलो की मात्र राजा-सत्तीसारख्या साध्या पत्त्यांवरही बेधडक बोली वाढवतो. मी तत्त्वाचा माणूस; एक्का किंवा जोडी आल्याशिवाय खेळत नाही.

"भाऊ, माणसं कमी हायेत, भारी पत्ते कुणापाशीच नसतात," तो हसतो. "तुम्ही भारी पत्त्यांची वाट पाहून राह्यले, अन् डावागणिक भरायचे चिंचोके चालले. मंग जिंकता कधी?"

परवा मुलींची कॉलेजला जायची अंबड बस बंद झाली, म्हणून मी स्टँडवर सभा बोलावली. माझ्यासकट तिघंच. "पुढच्या वेळी करू," म्हणत मी पत्रकं पिशवीत भरू लागलो. तेवढ्यात आमच्यातला हा दुकानदार बाकड्यावर चढला आणि बोलायलाच लागला. प्रवासी जमले, टाळ्या पडल्या. तो बोलला ती पत्रकातली वाक्यं माझी होती!

बस अजून बंदच आहे. सोमवारी पुन्हा सभा आहे. घरदार घेऊन या. गर्दी असली की तो गप्प बसतो; मला बोलायचंय.