शहाजीराजांशेजारचा हबशी

पुस्तकाने एखादा माणूस अर्ध्या वाक्यात उरकला की हेमावतीबाईंना चैन पडत नसे. मैलापुरातल्या मुलींच्या शाळेत त्या इतिहास शिकवत. तीन वर्षे झाली तरी हंगामीच. १९५८च्या नवरात्रात इन्स्पेक्टर येणार होते. त्यांचा शेरा चांगला पडला तर नोकरी कायम. अशा वेळी शहाणी बाई नाकासमोर चालते.

आणि नेमके तेव्हाच सरोजा नावाच्या मुलीने विचारले, "टीचर, मलिक अंबर हबशी मणून एवढेंच लिहिलेंय. तो कोठचा? इकडे आला कसा?"

बाईंना ठाऊक नव्हते. तसे सांगून त्यांनी शनिवारी एग्मोरचे ग्रंथालय गाठले. आफ्रिकेतले एक पोर गुलाम म्हणून विकले जाते, हातोहात फिरत दख्खनेत येते, निजामशाहीचा कारभार हाती घेते आणि मोगलांना जेरीस आणते. भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने कोण, तर शहाजीराजे. तंजावर घेणाऱ्या व्यंकोजींचे वडील! आपल्या तंजावरी मराठ्यांच्या घरच्या गोष्टीतला माणूस, आणि आजवर कुणी सांगितला नाही, याचा बाईंना रागच आला.

शाळेत नवरात्राच्या बाहुल्यांचा कोलू मांडला होता. वरच्या पायऱ्यांवर देव, मध्ये राजे, तळाला भाजीवाली नि गारुडी. बाईंनी मातीचा अंबर करवून शहाजींशेजारी ठेवला. शिपाईण कामाक्षी त्याला गावाचा राखणदार करुप्पसामी समजली आणि लिंबू वाहून गेली.

हेडमिस्ट्रेस त्रिपुरसुंदरीबाई मात्र घाबरल्या. "अवो, खालचे पडीवर ठेवा त्याला. तुमचे नोकरीचा प्रश्न आहे."

"वजीर होता तो. गारुड्याजवळ कसा ठेवूं?"

इन्स्पेक्टर राणोजीराव तंजावरकडचेच. ते बाहुलीपुढे थबकले. सरोजाने सारी हकिकत घडाघडा सांगितली.

"हें पाठ्यपुस्तकांत आहे?"

"नाहीं," बाई म्हणाल्या.

'पाठ्यक्रम सोडून शिकवतात,' असा शेरा पडला. नोकरी गेली नाही, पण कायम होणे आणखी वर्षभर लांबले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. ते त्यांनी लपवलेही नाही.

जाताना राणोजीराव दाराशी घुटमळले. "बाई, माझे आजोबांचे थोरले भाऊ इथलेच बंदरांतून आफ्रिकेस गेले. उसाचे मळ्यावर, करारानें. परत आले नाहींत. घरांत कोणी बोलत नाहीं. तुमचे ग्रंथालयांत कांहीं सापडेल?"

"शेरा बदलणार नाहीं ना?"

"नाहीं."

बाईंनी डोळे पुसले, वही उघडली. "शोधतें. त्यांचें नांव सांगा."

 राणोजीरावांना नाव ठाऊक नव्हते.