जपून आणलेला खोका

मालवाहतूक कंपनीच्या बुकिंगच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे शंकाताई म्हणत. कुणी "पुस्तकं" म्हटलं की त्या खोका हलवून कानाशी धरत, "कपडे" म्हटलं की वास घेत. "औषधी पाणी" म्हणून आलेल्या एका पार्सलातून ॲसिड गळलं, हमालाचा हात भाजला, तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत.

एका दुपारी त्यांचा धाकटा भाऊ आला. फर्निचरला पॉलिश करण्याचा त्याचा छोटा कारखाना होता. खोका त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"ताई, लाकडाचे नमुने आहेत. आजच्या विमानाने जाऊ दे."

ताईंच्या मनात पाल चुकचुकली. लाकूड इतकं जपून कोण आणतं? त्यांनी खोका घेतला आणि आडवा करायला गेल्या.

"आडवा नको," भाऊ पटकन म्हणाला.

"उघडते मी."

"माझ्यावर संशय घेतेस?"

"तुझ्यावर नाही, खोक्यावर."

आत भुशात खुपसलेला थिनरचा डबा निघाला. झाकणावर बांधलेली प्लास्टिकची पिशवी आतून ओली होती.

"अरे, हे भसकन पेट घेतं. याला मंजूर पॅकिंग लागतं, लाल लेबल लागतं, आत काय आहे ते तुझ्या सहीनिशी लिहून द्यावं लागतं."

"एवढ्याशा डब्याला? गिऱ्हाईक खोळंबलंय. तू पाहिलंच नाहीस असं समज."

ताईंनी साहेबांना कळवलं. भावाचं बुकिंग बंद झालं. संध्याकाळी आईचा फोन आला.

"सख्ख्या भावालाच धरलंस?"

"परक्यांनाही सोडत नाही, आई."

आईने फोन ठेवून दिला.

भाऊ कित्येक महिने घरी फिरकला नाही. रस्त्यात दुसऱ्या कंपनीचा टेम्पो दिसला की ताईंना वाटे, त्याचा डबा यात तर नसेल? कुठे गाडी पेटल्याची बातमी आली की त्या ती शेवटपर्यंत वाचत.

बुकिंग पुन्हा सुरू झाल्यावर तो आला. या वेळी पॅकिंगवाल्याकडून सगळं रीतसर करून आणलं होतं, आणि माल ट्रकने जाणार होता. ताईंनी लेबल पाहिलं, कागद वाचला. खोट दिसेना. तरी शिक्का मारायला हात उचलेना. त्यांनी शेजारच्या खिडकीवरच्या सहकाऱ्याला बोलावलं. "हे तू तपास."

"अजूनही संशय?" भाऊ म्हणाला.

"या वेळी माझ्यावरच आहे. हे बरोबर निघावं असं मला फार वाटतंय. अशा वेळी माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

सहकाऱ्याने कागद उलटसुलट पाहिला. वाटेत काही झालं तर कुणाला कळवायचं, तो फोन नंबरच राहिला होता. ताईंचा चेहरा उतरला. भावाने पेन मागून आपला नंबर लिहिला.

पुढच्या रविवारी तो बहिणीकडे जेवायला आला. आई मात्र अजून लेकीशी मोजकंच बोलते.