दत्ताराम आणि आयडलिंगचा स्क्रू

गॅरेजात दोन गोष्टी साठत जातात, ऑइलचे डाग आणि किस्से. डाग निदान रॉकेलने तरी निघतात! आमच्या घोडपदेवच्या गॅरेजातले माझे निम्मे किस्से एकट्या दत्तारामचे आहेत.

संपात त्याची गिरणी बंद पडली ती पडलीच. साळखात्यात वीस वर्षं कापड विणणारे साचे चालवून, त्या खडखडाटात त्याचे कान जवळजवळ गेले होते. घरी बायको आणि दोन मुली, म्हणून आमच्याकडे काम मागायला आला. आमचे मालक विश्रामभाऊ म्हणाले, "ज्याला इंजिन ऐकू येत नाही, तो मेकॅनिक कसला? एक महिना बघतो. नाही जमलं तर रामराम!" भाऊ वाईट नव्हते, गॅरेजच लहान होतं. दत्तारामने त्यांचे ओठ वाचले आणि मान डोलावली.

*

पहिल्याच आठवड्यात गिरगावच्या लेले मास्तरांची जुनी गाडी आली. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची आणि बंद पडायची. मी दत्तारामला कार्ब्युरेटरवरचा, उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणारा आयडलिंगचा स्क्रू दाखवून म्हटलं, "थोडा वाढव." त्याने वाढवला. त्याच्या मते थोडाच!

दुसऱ्या दिवशी मास्तर घामाघूम होऊन हजर. "अहो, ॲक्सिलरेटरला पाय न लावता घरी पोचलो! नुसते ब्रेक मारत!"

भाऊ भडकले. दत्ताराम खालच्या मानेने म्हणाला, "भाऊ, मशीन गप झाला की माझ्या पोटात खड्डो पडता."

मला हसू आलं होतं, ते गिळलं. भाऊंनी स्वतःच स्क्रू नीट केला.

*

मग तो मडगार्डवर तळहात ठेवायला लागला. एकदा एका धडधडणाऱ्या गाडीवर हात ठेवून म्हणाला, "तीन नंबर काम करीत नाय." मी तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला. काजळीने काळाकुट्ट!

"फुकटचा नेम लागला," भाऊ म्हणाले. पण नंतर बराच वेळ ते स्वतःचा तळहात बघत होते.

*

एक साहेब बायकोला घेऊन आले. आम्ही बॉनेट उघडलं, ते दोघं काचा लावून गाडीतच बोलत बसले. बाहेर येऊन साहेब भाऊंवर तुटून पडले, "तुमच्याकडून नेल्यापासून आयडलिंग बिघडलंय!"

दत्ताराम शांतपणे म्हणाला, "साहेब, मेव्हण्यांनी स्क्रू कुठल्या बाजूक फिरवल्यानी?"

बाई आधी हसल्या. साळखात्यात वीस वर्षं ओठांवरूनच गप्पा मारलेला माणूस तो, बंद काच त्याला काय आडवी येणार!

*

महिना भरला. भाऊंनी एक खिळखिळी टॅक्सी पुढ्यात उभी केली. "हिचं आयडलिंग एकट्याने बसव. कुणी मधे बोलायचं नाही."

डावा तळहात मडगार्डवर, उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर. पाव फेरा इकडे, पाव तिकडे. त्याच्यापेक्षा मलाच जास्त भीती वाटत होती. खूप वेळाने 'झालं' म्हणून त्याने मान डोलावली, पण हात काढला नाही.

भाऊ स्टिअरिंगवर बसले. कान देऊन ऐकलं. पुन्हा ऐकलं.

"बंद पडली," ते हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. त्यांनी चावी फिरवली.

खर्रर्रर्र! स्टार्टर असा किंचाळला की आमचे दात शिरशिरले.

दत्ताराम ओरडला, "भाऊ, चावी सोडा! गाडी चालूच आसा!"